लशीच्या वेळी आणखी एक प्रश्न

प्रति,
मा. संचालक,
पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खाते,
गोवा सरकार, पणजी.

विषय: घरातला कुत्रा मांजराच्या पेटीत तोंड घालतो, त्याबाबत.

महोदय,

विषयाची ओळ वाचून आपल्या कार्यालयातला कारकून हसेल. हसू दे. आवक नोंदवहीत असा विषय रोज येत नसणार. पण ज्या घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, त्या घरात तो रोज सकाळी उगवतो, आणि त्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. कुत्र्याने चप्पल फाडली तर आपण चारचौघांत कौतुकाने सांगतो. मांजराची शी खाल्ली हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. म्हणूनच हे पत्र टपालाने न पाठवता उघड लिहिते आहे. वास्को परिसरातल्या सडा, बायणा, मांगूर हिल, चिखली इथल्या चार घरांत तरी ते वाचून ‘म्हणजे आमच्याच घरी नाही तर’ असा सुस्कारा सुटेल.

आपल्यालाच का लिहिलं, तेही सांगते. गोव्यात कुत्रा आणि सरकार म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, रेबीजची लस. आपलं खातं आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी मिळून २०१३ ते २०१९ या काळात जे केलं, त्याचा लेखाजोखा २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आला. वर्षाला ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोच, शाळाशाळांतून वर्षाला दीड लाख मुलांना माहिती, आणि कुत्र्यांमधल्या रेबीजच्या महिन्याच्या आकड्यात ९२ टक्के घट. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गोव्याबद्दल बाहेर जे काय काय बोललं जातं, त्यात हे फारसं कुणी बोलत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

या सगळ्यात मला पटलेली गोष्ट अशी, की एकाही कुत्र्याला सुधारायला कुणी गेलं नाही. चावरा कुत्रा चावराच राहिला. माणसांनी आपलं वागणं बदललं. जाळी आणि लशीचं खोकं घेऊन वाड्यावाड्यांत फिरली, कुठली गल्ली झाली आणि कुठली राहिली याची मोबाइलवर नोंद ठेवली, आणि रोग मागे हटला. मांजराच्या पेटीचं दुखणंही त्याच वाटेने जाईल असं माझं म्हणणं आहे. कुत्र्याला शिकवण्यात महिने घालवण्यापेक्षा घरातलं एक दार नीट करावं. आणि हे सांगायला आपल्याइतकं दारोदार पोचलेलं दुसरं खातं नाही.

माझं माहेर डिचोली तालुक्यातलं. तिथे हा प्रश्न नव्हता, म्हणजे दिसत नव्हता. मांजर कुळागरात जाई, फार पाऊस असला तर न्हाणीच्या चुलीमागच्या राखेत. गावात कुणाचं बांधकाम निघालं की पंचक्रोशीतली मांजरं रेतीच्या ढिगावर. कुत्रा दिवसभर मोकळा. त्याने परसात काय खाल्लं हे बघायला कुणाला सवड होती? वासराचं शेण, मासळीची आतडी, कोंबडीचे पाय. संध्याकाळी पेजेच्या ताटलीशी हजर झाला म्हणजे पुरे. पेडण्यात आणि डिचोलीत पुष्कळ घरांत आजही असंच चालतं आणि त्यात कुणाचं काही अडत नाही. निदान अडल्याचं कळत नाही.

आता राहते त्या वास्कोत घर म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली ट्रकांचा रस्ता, त्यामुळे मांजर बाहेर सोडायची सोय नाही. जूनपासून पुढचे चार महिने तर खिडकीही उघडवत नाही. मग मांजराच्या शीसाठी घरात मातीची पेटी आली. ही पेटीतली माती तशी कालपरवाची वस्तू आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली. तिचा वाळूचा ढीग थंडीने गोठला होता आणि राख वापरली की मांजराची काळी पावलं घरभर उमटत. त्याच्याकडे कारखान्यातलं सांडलेलं तेल टिपायला विकायची दाणेदार माती होती, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. ती त्याने दिली, आणि त्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. ओल लागली की गोळा होणारी बेंटोनाइट माती १९८० च्या दशकात आली. ही माती कच्छच्या जमिनीत भरपूर आहे. वास्कोत अर्थात सगळेच पिशवी विकत आणत नाहीत. कुणी गवंड्याचं घमेलं आणि रेती ठेवतं, कुणी सुताराकडचा भुसा, कुणी फाडलेली वर्तमानपत्रं. त्यात मराठी दैनिकं पुष्कळ असतात. संपादकांनी वाईट वाटून घेऊ नये, शेवटपर्यंत उपयोगी पडतात.

आता कुत्र्याकडे. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ब्रूनो राहतो. (मुरगाव तालुक्यात रस्त्यात उभं राहून ‘ब्रूनो’ म्हणून हाक मारली तर किती शेपट्या हलतील याचा अंदाज करवत नाही.) रंग पिवळट, एक कान मुडपलेला, जात शुद्ध बायणा. त्याच्या घरातलं मांजर पेटीत उकरू लागलं की तो उठत नाही, नुसता एक डोळा उघडतो. खरखर थांबते. मांजर काठावर येऊन मागचा पंजा झटकतं आणि उडी मारतं. तोवर ब्रूनो निघालेला असतो. घाई नाही, गडबड नाही, जणू पाणी प्यायलाच चालला आहे. परत येतो तेव्हा नाकावर करडे दाणे चिकटलेले, दोन मिशांवर, आणि जीभ तिथपर्यंत पोचवण्याची धडपड चाललेली. ती संपली की तो सरळ घरातल्या दोन वर्षांच्या नातवाकडे जातो आणि त्याचं तोंड चाटतो.

हे तो का करतो? चूक म्हणून नाही, आणि सूड म्हणून तर मुळीच नाही. मांजर पक्कं मांसाहारी जनावर. अमेरिकेत पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या ‘आफ्को’ या संस्थेचा हिशेब आहे, की पाण्याचा अंश सोडून मोजलं तर मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के प्रथिनं हवीत आणि मोठ्या मांजराच्या खाद्यात किमान २६ टक्के. ती सगळी पचत नाहीत, वास मागे उरतो. आपल्याकडची मांजरं तर बांगड्याच्या डोक्यांवर आणि तारल्यांवर वाढलेली. त्या पेटीचा वास कुत्र्याला काय वाटत असेल ते आपल्याला कळणार नाही, पण मासळी बाजाराजवळून कुत्रा घेऊन गेलेल्या माणसाला थोडी कल्पना येईल. त्याखेरीज कुत्रा मुळातला उष्ट्यावर जगणारा. माणसाच्या वस्तीकडेला उकिरडे होते म्हणून तो माणसाजवळ आला असं काहींचं म्हणणं आहे, आणि पिल्लांची जागा साफ ठेवायला कुत्रीही त्यांची शी चाटून खाते. म्हणजे ज्याला आपण घाण सवय म्हणतो ती त्याच्या आईने त्याच्या डोळ्यांदेखत केलेली असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे. तो कुत्र्यांनी कुत्र्यांचीच विष्ठा खाण्याबद्दलचा आहे, मांजराचा नाही, पण दोन गोष्टी इथेही लागू पडाव्यात. साधारण १६ टक्के, म्हणजे सहात एक कुत्रा हे वारंवार करणारा निघाला, आणि तो ताजीच पसंत करतो, दोन दिवसांच्या आतली. दुसरी गोष्ट खिशाला लागणारी आहे. ही सवय सुटावी म्हणून बाजारात मिळणारी ११ उत्पादनं मालकांनी वापरून पाहिली होती. त्यांचं यश शून्य ते दोन टक्के. नळीत घातलेल्या शेपटाची म्हण ज्यांनी केली त्यांना हा निकाल ऐकून आश्चर्य वाटलं नसतं.

‘खाल्लं तर खाल्लं, कुत्रंच ते,’ असं म्हणणारे पुष्कळ. एका घरात तर मला अभिमानाने सांगण्यात आलं, की आमचं मांजर इतकं स्वच्छ की पेटी साफ करावीच लागत नाही. मांजर इतर मांजरांइतकंच स्वच्छ होतं. सफाई कामगार चार पायांचा होता, इतकंच.

या फुकटच्या सफाईत पहिलं नुकसान मांजराचं होतं. पेटी म्हणजे मांजराच्या तब्येतीचा रोजचा अहवाल. शी पातळ झाली, तिच्यात रक्त आलं, जंत दिसले, दोन दिवस काहीच झालं नाही, हे सगळं तिथेच कळतं, कारण मांजर दुखणं चेहऱ्यावर दाखवत नाही. कुत्रा तो अहवाल रोज गिळतो. शिवाय कुत्रा पाळतीवर बसला आहे हे मांजराला ठाऊक असतं. ते घाईत उरकतं, टाळतं, अडवून धरतं, आणि एक दिवस धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर जाऊन बसतं. मग आपण मांजराला मारतो. बोक्यांच्या बाबतीत हे अडवून धरणं फारच वाईट. ताण आला की त्यांच्या लघवीच्या मार्गाची दुखणी बळावतात, आणि मार्ग पूर्ण तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बोका पुनःपुन्हा पेटीत जाऊन कुंथतो आहे आणि थेंबभरही येत नाही असं दिसलं, तर उद्याची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा असतो. हे आपण जाणताच. पेटीकडे लक्षच नसलेल्या घराला ते कळणार कसं, हा माझा मुद्दा.

कुत्र्याचं नुकसान तसं सरळ आहे. जंत, जिआर्डिया, साल्मोनेला. मांजराच्या अंकुशकृमींपैकी काही जाती कुत्र्यालाही होतात आणि ‘अँसायलोस्टोमा सिलॅनिकम’ नावाची एक जात आपल्या भागात कुत्रा, मांजर आणि माणूस असा कुठलाच भेदभाव करत नाही. ओली, सावलीतली माती तिला मानवते, म्हणजे गोव्याचा पावसाळा. यात भर बेंटोनाइटची. पाणी लागलं की ती फुगते आणि घट्ट होते, त्यासाठीच ती विकली जाते. कुत्र्याच्या पोटात गेल्यावर ती आपला गुण विसरत नाही. चार दाणे चाटले तर निघून जातात. पण ज्याला गोळेच्या गोळे गिळायची चटक लागली, तो कुंथायला लागला, ओकायला लागला, जेवणापासून तोंड फिरवू लागला, तर डॉक्टरला ‘काय खाल्लं’ याचं खरं उत्तर द्यावं लागतं. आपल्या दवाखान्यांत बसणारे डॉक्टर सांगतील, की नेमकं हेच उत्तर लोक लाजेने देत नाहीत. ‘काही नाही हो, भात आणि चिकन.’

माणसांच्या बाजूने एक नाव लोकांना अर्धवट ठाऊक असतं, टॉक्सोप्लाझ्मा, पोटातल्या बाळाला बाधू शकणारा जंतू. घरात सून गरोदर राहिली की कुणीतरी म्हणतं, मांजर हलवा. आणि मांजर पोत्यात घालून मासळी बाजारामागे सोडलं जातं. खरं तर मांजर हे जंतू विष्ठेतून टाकतं ते बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे. आणि बाहेर पडल्यावरही ते लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे पेटी रोजच्या रोज, गरोदर बाईऐवजी दुसऱ्या कुणी साफ केली तर साखळी तिथेच तुटते. मांजर हलवण्यापेक्षा सुपली हलवणं सोपं. कुत्रा मात्र मधे आला की हिशेब बिघडतो, कारण तो पेटीतलं तोंडावर आणि अंगावर घेऊन गादीपर्यंत येतो. त्याच्या स्वतःच्या विष्ठेतून तो हे जंतू नव्याने पैदा करत नाही, पण पोचवण्याचं काम चोख करतो.

आता लोक काय उपाय करतात ते पाहा. पहिला उपाय, ओरडणं. ओरडल्याने कुत्रा एवढंच शिकतो, की माणूस समोर असताना खायचं नाही, आणि सापडलं तर पटकन गिळून टाकायचं. दुसरा, तिखट. पेटीत लाल मिरचीची पूड नाहीतर काळी मिरी टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. कुत्रा शिंकतो आणि खातो. मांजर मात्र पुन्हा त्या पेटीत पाय ठेवत नाही. त्याला पंजे चाटायचे असतात. तिसरा, पेटी सज्ज्यात ठेवणं. वास्कोचा सज्जा म्हणजे नैर्ऋत्येचा पाऊस आडवा येणार आणि उरलेले महिने काळी भुकटी बसणार. ती भुकटी कुठून येते याची चर्चा या पत्रात नको. ओली माती, उघडी जागा, मांजर तिकडे फिरकत नाही. चौथा उपाय दुकानातला, झाकणाची पेटी. दिसायला छान. पण एकच तोंड असलेल्या झाकणाच्या पेटीपुढे कुत्रा बसला की आत मांजर कोंडलं गेलं. एकदा तसं झालं की ते पुन्हा आत शिरताना दहा वेळा विचार करतं. मोठ्या कुत्र्याची मान तर तशीही आत जाते.

जमतं ते दार. न्हाणीघराचं, सामानाच्या खोलीचं, कुठलंही. मांजर चार-पाच इंचांच्या फटीतून आरामात जातं, लॅब्राडोर किंवा ब्रूनोच्या मापाचा गावठी कुत्रा जात नाही. पण इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती न कळल्याने लोक हा उपाय सोडून देतात. दाराला साखळी लावली तर दार जास्त उघडत नाही हे खरं, पण बंद होण्यापासून तिला काही थांबवता येत नाही. आणि वास्कोत झुआरीच्या मुखावरून वारा येतो. दुपारी एक झोत आला की धाड्‌कन दार लागलं, मांजर आत तरी अडकलं नाहीतर बाहेर तरी. म्हणून साखळी नको, कडक आकडा हवा, पूर्वी खिडक्यांना असायचा तो लांब लोखंडी आकडा. एक टोक चौकटीला, एक दाराला. मग दार उघडतही नाही आणि लागतही नाही, फट तेवढीच राहते. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, बसवायला मेस्त्रीही लागत नाही.

कुत्रा छोटा असेल, पॉमेरेनियन किंवा डॅक्सहुंड, तर फटीचा उपयोग नाही. मांजर जाईल तिथे तो जाईल. तिथे उंची कामाला येते. आपल्या फ्लॅटांतली न्हाणीघराची दारं हल्ली पोकळ प्लॅस्टिकची असतात. त्यांना जमिनीपासून फूट-दीड फुटावर वीतभराचं भोक पाडता येतं. कापलेली कड धारदार राहते, तिच्यावर बागेच्या पाण्याची नळी उभी चिरून बसवावी. घर भाड्याचं असेल आणि मालक दार कापू देत नसेल, तर वरून उतरायची पेटी. वास्को सप्ताहाच्या फेरीत झाकणाचे प्लॅस्टिकचे ड्रम मिळतात. झाकणाला मांजर जाईल एवढं भोक, झाकणावर खरखरीत पायपुसण्याचा तुकडा म्हणजे पंज्याची माती तिथेच गळते. ड्रमची उंची मात्र कुत्र्याची मान मोजून घ्यावी. उंच कुत्रा बुटक्या ड्रममध्ये वरून तोंड घालतो आणि मग तोंड बाहेर काढायला माणूस लागतो.

म्हातारं मांजर आणि पिल्लू यांना यातलं वर चढायचं काही जमत नाही. त्यांच्यासाठी बसकी पेटी आणि आकड्याचं दार हेच बरं. आणि कुठलाही बदल एका दिवसात करू नये. जुनी पेटी जागेवर असू द्यावी, नवी शेजारी, मांजर नवीत जाऊ लागलं की मग जुनी उचलावी. मांजराला घरातल्या फर्निचरची फिरवाफिरव आवडत नाही. या बाबतीत ते आमच्या सासूबाईंच्या मताचं आहे.

याला जोड एकाच गोष्टीची, सकाळ-संध्याकाळ पेटी उपसण्याची. कुत्र्याला ताजी आवडते, तेव्हा ताजी उरूच द्यायची नाही. कुत्र्याला सकाळी फिरायला नेण्याआधी दोन मिनिटं त्यात घातली तर तो परत येतो तेव्हा पेटीत काही नसतं. ‘सोड’ हा शब्द शिकवावा, सोडल्याबरोबर तोंडात काहीतरी चांगलं द्यावं, तेही चालतं. पण तो शब्द आपण घरी असतानाच चालतो. आकडा आपण कामावर असतानाही.

उपसलेली माती कुठे टाकायची, इथे गाडी अडते. संडासात टाकू नये, बेंटोनाइट पाइपात जाऊन जे करते ते प्लंबर सांगेल. समुद्राकाठच्या शहराला आणखी एक कारण आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं टॉक्सोप्लाझ्माने मरू लागली, जमिनीवरचे जंतू पाण्याबरोबर समुद्रात पोचत होते, आणि २००६ मध्ये त्या राज्याने कायदाच केला, की मांजराच्या मातीच्या पिशवीवर ‘संडासात किंवा पावसाच्या गटारात टाकू नका’ असं छापायचं. आपल्याकडे पिशवीवर मांजराचा हसरा फोटो असतो. देशाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत सॅनिटरी कचरा म्हणून डायपर वगैरेंची नावं होती, मांजराच्या मातीचं नाव नव्हतं, त्यामुळे प्रत्येक घर आपापला अर्थ लावतं. कुणी ओल्यात टाकतं, कुणी सुक्यात, कुणी रात्री पिशवीत बांधून जिन्याखाली ठेवतं. रात्री ठेवलेली पिशवी सकाळपर्यंत टिकत नाही. घरातल्या कुत्र्यापासून दार लावून वाचवलेला ऐवज रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या तोंडी जातो, ज्यांना जंताची गोळी कुणी देत नाही. परसातल्या भाजीच्या वाफ्यात तर ती माती घालूच नये. दोन पिशव्यांत घट्ट बांधून सकाळी गाडी आली की हातात द्यावी, एवढं मला सुचतं. कुठल्या डब्यात, हे पालिकांशी बोलून आपल्या खात्याने एका ओळीत ठरवून टाकलं तर बरं होईल.

तेव्हा मागणी. लशीसाठी पथक दारात येतं किंवा कुत्र्याला घेऊन लोक दवाखान्यात येतात, तेव्हा तिथे नाव, वय, रंग विचारलं जातंच. त्यात एक प्रश्न वाढवावा: घरात मांजर आहे का, आणि त्याची पेटी कुठे असते? ‘हो’ म्हणणाऱ्याला मोठ्या कुत्र्या-मांजरांना दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायचं हे सांगावं, दोघांना एकाच दिवशी, कारण एकाला देऊन दुसऱ्याला न देण्यात अर्थ नाही. मांजरालाही रेबीजची लस द्यायची असते हेही त्याच वेळी कानावर घालावं. पुष्कळांना ती फक्त कुत्र्याची वाटते. आणि एक पानाचं पत्रक हातात द्यावं. पत्रकात उपदेश नको. आकड्याचं चित्र हवं, भोकाचं माप हवं, ड्रमचं चित्र हवं, आणि बोका कुंथत असेल तर कुठल्या नंबरला फोन करायचा तो मोठ्या अक्षरात हवा. यात खर्च म्हणाल तर छपाईचा. माणसं, गाड्या, नोंदी, सगळं आपल्याकडे आधीच आहे, आणि ती माणसं घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचतातच. तिथून न्हाणीघराचं दार दहा पावलांवर असतं.

लोक खरं उत्तर देणार नाहीत असं आपल्याला वाटेल. मला वाटत नाही. प्रश्न सरकारी कागदावर छापलेला असला की लाज कमी होते. सगळ्यांनाच विचारतात म्हणजे सगळ्यांकडेच असतं, असं माणूस धरून चालतो.

पत्रकाचा मराठी मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे, मानधन नको. कोकणी देवनागरीत आणि रोमीत, दोन्हींत लागेल. वास्कोसाठी हिंदी आणि कन्नडही घ्यावी, नाहीतर बायणा आणि झुआरीनगरची निम्मी घरं सुटतील. चित्रं काढणाऱ्याला आधी खरा आकडा बसवलेलं दार दाखवावं. आमच्या घरी आहे, केव्हाही येऊन पाहता येईल.

आपली नम्र,
मांगूर हिल, वास्को येथील एक रहिवासी